पदराचा कोपरा

नातवानं मोबाईलवर भाटघरच्या पाण्यावरून उडणाऱ्या बदकांचा फोटो दाखवला. "आजी, कसा आलाय?" माझी नजर आधी खालच्या चिखलावर गेली.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. धरणाचं पाणी मागं सरलं की मोकळ्या झालेल्या गाळात आम्ही काकड्या लावायचो. पुण्याचे एक वकील कॅमेरा घेऊन आले आणि आईला म्हणाले, "उद्या सकाळी पाण्याकडे या. फोटो काढायचाय."

आईनं ट्रंकेतलं लग्नातलं इरकली लुगडं नेसलं, ठसठशीत कुंकू लावलं.

"म्या कुठं हुबी ऱ्हाऊ?" तिनं विचारलं.

"उभ्या राहू नका बाई, पळा. पाखरं उडाली पाहिजेत."

आई पळाली. गुडघाभर गाळात पडली, उठली, पुन्हा पळाली. काठावरचे सगळे हसले. आज ते हसू आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. लुगड्याचे डाग कधी गेले नाहीत.

पुढे वकिलांनी फोटो धाडला. आभाळभर बदकं, आणि तळाशी चिखलानं भरलेला पदराचा कोपरा. आईनं तो बराच वेळ निरखला.

"पाखरं लई झ्याक आल्यात," ती म्हणाली.

आईचा म्हणून आमच्या घरात तेवढाच फोटो आहे.