कमलला आठवत नाही ते

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलो. "भुताला रेंज मिळते का हो?" असल्या खोडसाळ कमेंट टाकणारा मीच... ज्यांना लागलं असेल त्यांनी माफ करा. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. गावात भगत आला की त्याच्याशी वाद घालायला सगळ्यात पुढे मी असायचो. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी लिहितोय, कारण हे एकट्याने बाळगायचा आता कंटाळा आला.

साल १९९८. पालघर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही ठाण्यातच होतो. मी मोखाड्याजवळ पोशेऱ्याच्या शाळेत शिकवायचो, घरही तिथेच — आई, बायको आणि मी. धाकटी बहीण कमल जव्हारला दिलेली. तिचा नवरा भास्कर एका कचेरीत कारकून, घरात त्याची आई. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

भाताची कापणी चालली होती तेव्हा भास्कर तिला जीपमधून आमच्या दारात घेऊन आला. कमल बोलत नव्हती. हात उचलून ठेवला तर तसाच वर राहायचा. पाणी पाजलं तर ओठांच्या कडेने ओघळून जायचं.

"एकाएकी झालं, गुरुजी," भास्कर म्हणाला. "आम्ही तरी काय करणार?"

आईने भगताला निरोप धाडला. मी तिला झापलं आणि कमलला घेऊन नाशिक गाठलं. रुग्णालयाचं नाव देत नाही. डॉक्टर शांत माणूस होता. त्याने सरळ सांगितलं, "गोळ्यांनी गुण यायला आठवडे लागतील. ही पाणी पीत नाहीये, तेवढा वेळ हिच्याकडे नाही. शॉक द्यावे लागतील. भूल देऊनच देतो आम्ही. मात्र मागचे काही आठवडे, कदाचित महिने, ती विसरेल. त्यातलं काही परत येईल, काही नाही."

घरात वादाला तोंड फुटलं. आई म्हणे, माझ्या पोरीला वीज लावू देणार नाय. बायको म्हणे, दुसऱ्या डॉक्टरला विचारू. सिनेमात दाखवतात तसं पलंगाला बांधून... हेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. शॉकच्या बाजूने आम्ही दोघंच, मी आणि भास्कर. मला वाटलं, चला, जावई तरी शहाणा निघाला. सही मी केली.

आई शेवटी एका अटीवर गप्प झाली. तांदळाची पुडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "शाक दे का काय तो दे. पन आदी हे दानं तिच्यावरून उतरव. आन् लगेच वाहत्या पान्यात सोड. जवळ ठेवू नको, तुझ्या आंगावं येल."

आमच्याकडे आजाऱ्यावरून दाणे उतरवतात आणि ओढ्यात सोडतात, त्यात विशेष काही नाही. पण नाशिकच्या त्या पांढऱ्या फरशीवर, सिस्टर बघत असताना, मी काय करणार? दिलेला शब्द मोडवत नव्हता म्हणून घाईघाईने पुडी कमलच्या डोक्यावरून फिरवली आणि शर्टाच्या खिशात कोंबली. ओढा कुठून आणणार तिथे! मग विसरलो.

एक दिवसाआड एक असे सहा शॉक ठरले. दुसऱ्यानंतर कमलने पाणी गिळलं. मी आनंदाने रडलो, खोटं कशाला सांगू. बायकोला तिच्यापाशी ठेवून मी शाळेत हजर झालो.

तिसऱ्या शॉकचा दिवस, चौथीचा वर्ग होता. दुपारची सुट्टी व्हायची होती. फळ्यावर भागाकार लिहिताना माझा हात थांबला. बाहेरून कडी घातल्याचा आवाज मी ऐकला — आणि वर्गाला तर दारच नव्हतं, नुसती चौकट. मग अंधार. लाकडांचा आणि रॉकेलचा वास. दाराच्या खालच्या फळीच्या फटीतून उजेडाची एक रेघ, आणि त्या उजेडात दोन हात. हिरव्या बांगड्या घातलेले. ते हात मी हलवत होतो. फळी खरवडत होतो. फटीच्या खाली डाव्या हाताला एक वाकडा खिळा होता, त्याने बोट फाटलं. बाहेरून भास्करचा आवाज आला, अगदी सावकाश: "तोंड उघडशील तर इथेच राहशील."

मला ओरडायचं होतं. तोंड उघडत नव्हतं. किती वेळ, सांगता येत नाही. मुलांनी सांगितलं, गुरुजी खडू धरून नुसते उभे होते.

मी स्वतःलाच झापलं. जागरण, काळजी, पोटात अन्न नाही. पण चौथ्या शॉकच्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्याला पुन्हा. दर वेळी थोडं जास्त. एकदा जेवणाची थाळी दारातून आत सरकली आणि कडी परत पडली. तीन दिवस मोजले मी तिथे... मी म्हणजे तिने. तिकडे कमल सुधारत होती. भाकरी मागू लागली, वहिनीची थट्टा करू लागली. भाद्रपदापासूनचं तिला काहीच आठवत नव्हतं.

सहावा शॉक झाला आणि भास्कर नवी साडी घेऊन हजर. "डॉक्टरांनी सोडलंय, आता आमची अमानत आम्हाला द्या," म्हणाला. कमल लाजली. घरात सगळे खूश. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, आणि तिचे कपडे आणायचं निमित्त करून जव्हारला गेलो.

त्या घरात मी पुढच्या खोलीपलीकडे कधी गेलो नव्हतो. सासूबाईंना विचारलं, "मागे काय आहे?"

"लाकडं हायेत. तिकडं काय बघायचं?"

मी बघितलं. दाराची कडी बाहेरून होती. आत शिरलो, दार लोटलं, खाली बसलो आणि न बघता डावा हात पुढे नेला. वाकडा खिळा हाताला लागला. खालच्या फळीवर ओरखडे होते, फटीत हिरव्या काचेचे तुकडे. मी ते उचलले नाहीत. मला बाहेर पडायचं होतं फक्त.

संध्याकाळी भास्करला सांगितलं, "कमल परत येणार नाही."

"का?"

"मला माहीत आहे म्हणून."

काय माहीत आहे, हे त्याने विचारलं नाही. चपला घातल्या, निघून गेला आणि पुन्हा आमच्या दारात आला नाही.

धुण्यात आईला ती पुडी सापडली. "सोडली नायस तू?" म्हणून ती धाय मोकलून रडली. मी तेव्हाच ओढ्यावर जाऊन पुडी सोडली. त्यानंतर नवं काही दिसलं नाही. पण शॉकही तेव्हाच संपले होते, तेव्हा त्यावरून काय ठरवणार? आणि जे आलं होतं ते गेलं नाही. लिफ्टमध्ये मी आजही चढत नाही.

डॉक्टरांना एकदा सगळं सांगितलं. म्हणाले, शुद्धीवर येताना ती बरळली असेल, तुमच्या कानावर पडलं असेल. असेलही. पण शॉक देतात त्या खोलीत मला कधी सोडलंच नव्हतं, आणि दुसऱ्या शॉकपासून मी तर पोशेऱ्यात. खिळा डाव्या हाताला आहे हे मला कुणी सांगितलं? शॉक वाईट का, असं विचाराल तर तेही सांगता येत नाही. त्यांच्यावाचून ती आठवड्यात गेली असती. आणि त्यांनीच तिची साक्ष पुसली... सही माझी.

कमल आज पन्नाशीला आलीय, अंगणवाडीत आहे, ठणठणीत आहे. पुन्हा लग्न केलं नाही. सणासुदीला हटकून माझ्यावर उखडते. "माझा चांगला संसार तू मोडलास दादा. असं काय केलं होतं त्यांनी? एक गोष्ट सांग. एकच." मी सुपारी कातरत बसतो. वहिनी मध्ये पडते, ती वहिनीवरही ओरडते, आणि रागाने न जेवता निघून जाते.

ती गेली की मला सुटल्यासारखं वाटतं. एवढी भांडतेय, म्हणजे तिला अजून आठवलेलं नाही.