गाडी नसलेल्या माणसाचं गेट

समोरच्या आप्पांशी माझं भांडण झालं ते गेटावरून. त्या भांडणात माझी बाजू पहिल्यापासून लंगडी होती, कारण माझ्याकडं गाडीच नव्हती.

गेट मात्र होतं. घर बांधताना वडिलांनी पुढंमागं मोटार येईल म्हणून दोन दारांचं मोठं लोखंडी गेट बसवून घेतलं. मोटार काही आली नाही. मी बेळगावच्या कोर्टात वकिली करतो आणि स्कूटरवरून जातो. स्कूटर बाजूच्या लहान दारातून आरामात निघते. मोठ्या गेटाची कडी आम्ही गणपतीला तेवढी काढायचो.

आप्पा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीतून रिटायर झाले आणि त्यांनी जुनी पांढरी कार घेतली. त्यांच्या दारात पायऱ्या, पायऱ्यांपुढं गटार. मग ती कार आमच्या गेटासमोर उभी राहू लागली.

"तुम्हाला त्रास काय होतोय पण?" बायकोनं विचारलं.

त्रास काहीच नव्हता. पण हक्काचा प्रश्न होता. मी रस्ता ओलांडून गेलो.

"आप्पा, गेटासमोर गाडी लावू नका."

"व्हय की. खरं तुमची गाडी कुठं हाय?"

"आज नाही. उद्या आली तर?"

"उद्या आली की उद्या काढतो."

एवढ्या थोडक्यात मी कुठलीच केस हरलेलो नाही. घरी येऊन मी नोटीस लिहिली, दोन पानी. त्यात 'वहिवाट' हा शब्द सात वेळा होता. ती त्यांच्या दारात सरकवून आलो. संध्याकाळी आप्पा तीच घेऊन आमच्याकडं हजर.

"वकीलसाहेब, चष्मा घावंना झालाय. जरा वाचून दाखवा बघू, काय आलंय."

मग मीच माझी नोटीस त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. आप्पांनी डोळे मिटून ऐकली. बायकोनं त्यांना चहा दिला.

"लई झ्याक लिवलंय," ते म्हणाले. "कुणाला पाठवायचं हे?"

"तुम्हालाच."

"मला? मी हितंच हाय की. हाक मारायची."

चहा पिऊन ते गेले. कार तिथंच राहिली.

आता एकच उपाय होता. नंदगडजवळ माझा मेव्हणा राहतो, त्याची लाल कार आठ दिवसांसाठी मागून घेतली. रविवारी आप्पा कार घेऊन बाहेर गेलेले असताना त्यानं ती आणून आमच्या गेटाच्या आत लावली आणि किल्ली माझ्या हातात देताना थांबला.

"दाजी, चालवणार कोण?"

"प्रश्न चालवण्याचा नाही, असण्याचा आहे," मी म्हणालो. तो बहिणीकडं बघून बसस्टँडला गेला.

सोमवारी सकाळी काळा कोट घालून मी गेटात उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आप्पा, गाडी काढा! मला कोर्टात जायचंय!"

मला वाटलं होतं, ते वाद घालतील. आप्पा बनियनवरच पळत आले, आपली कार गल्लीच्या टोकाला लावून परत आले, गेटाची दोन्ही दारं सताड उघडली आणि रस्त्यात उभं राहून हात हलवू लागले. "या, या! सोडा मागं! मोकळं हाय!"

मी गाडीत बसलो. बसायलाच लागलं. किल्ली फिरवली आणि काहीतरी दाबलं, तर वायपर सुरू झाला.

"पाऊस न्हाय, साहेब!" आप्पा ओरडले.

"काच साफ करतोय!"

वायपर काही बंद होईना. दुसरं काहीतरी दाबलं तर हॉर्न वाजला आणि आप्पांची बायको, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. समोरच्या गच्चीवर दोघीतिघी जमल्या. मी किल्ली काढून खाली उतरलो आणि फाईल राहिली म्हणून घरात गेलो. बायको स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून बसली होती.

बाहेर येऊन सांगितलं, "कोर्टापाशी पार्किंगला जागा मिळत नाही. आज स्कूटरच बरी."

"बरोबर हाय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी गेट लावून घेतलं.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मी हाक मारायचो, ते कार काढायचे, गेट उघडायचे, आणि मी लहान दारातून स्कूटर घेऊन जायचो. गुरुवारपासून त्यांनी कार तिकडं टोकालाच ठेवली. म्हणजे मी जिंकलो होतो. गेट मोकळं झालं होतं. पण त्या मोकळ्या गेटाकडं माझ्यानं बघवेना.

शनिवारी मेव्हण्याचा फोन आला. त्याचा पाय मुरगळला होता, न्यायला येता येणार नव्हतं. गाडी तर सोमवारी पाहिजेच होती. मी अंगणात दहा फेऱ्या मारल्या आणि समोर गेलो.

"आप्पा, मला गाडी चालवता येत नाही."

"म्हाईत हाय की. वायपर लागला तवाच कळलं."

"मग रोज तुमची कार का काढत होता?"

"तुम्ही शिकल्याली माणसं," आप्पा अगदी मनापासून म्हणाले. "म्हटलं, रातीत कायतरी वाचून शिकून आला असशीला."

रविवारी त्यांनीच लाल कार चालवली. मी शेजारी, बायको आणि आक्का मागं. खानापूरच्या अलीकडं थांबून काकड्या घेतल्या. मेव्हण्याच्या घरी मटण होतं. मुरगळलेल्या पायाला काय लावावं यावर आक्का तासभर बोलल्या. येताना बस भरलेली होती. आप्पा आणि मी दांडीला धरून उभे होतो, तेव्हा मी विषय काढला.

"तुमची कार आमच्या गेटाच्या आत का लावत नाही? जागा रिकामीच आहे."

"हे पहिल्याच दिवशी बोलायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही विचारलं नाही."

"तुम्ही हक्काचं बोलत होता," ते म्हणाले. "मधी कुठं बोलायचं?"

आता ती पांढरी कार आमच्या अंगणात असते. सुट्टीच्या दिवशी उद्यमबागेतले रस्ते ओस असतात, तिथं आप्पा मला शिकवतात. दुसऱ्या गियरपर्यंत आलोय. तिसऱ्याची घाई नको, असं त्यांचंच मत आहे, कारण मागच्या वेळी मी एका चहाच्या टपरीच्या फार जवळ गेलो होतो. अंगणात ऊन थेट कारच्या बॉनेटवर येतं, म्हणून बायको आणि आक्का त्यावर जुनी साडी पसरून सांडगे वाळत घालतात. आप्पांना कुठं जायचं असलं की आधी आमच्या दारात उभं राहून विचारावं लागतं, "वैनी, वाळलं काय?"

बहुतेक वेळा वाळलेलं नसतं. मग ते माझी स्कूटर घेऊन जातात.