सॅनिटायझरला विरजण

दिलीपरावांनी ग्लास माझ्या नाकाखाली धरला. "वास घ्या."

घेतला. जांभळाची वाईन म्हणून भरलेल्या बाटलीतून चक्क सिरक्याचा वास येत होता.

"पहिल्या टाकीच्या सगळ्या बाटल्या अशा गेल्या. दुसरी टाकी उद्या बाटल्यांत भरायचीय. त्याआधी ह्या बाईंना घरी पाठवतो."

ह्या बाई म्हणजे कमलताई. कळंबच्या ह्या छोट्या वायनरीत पाइप, बाटल्या, बुचं साफ करण्याचं काम त्यांचं. त्या दाराशी उभ्या राहून पदराला हात पुसत होत्या. हात कोरडेच होते.

मी बिअरच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी केली. निवृत्तीनंतर मंचरला असतो, बोलावलं तर सल्ला द्यायला जातो. दिलीपरावांनी उद्घाटनाच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'चीफ कन्सल्टंट' छापलं आहे. माझ्या हाताखाली कुणी नाही.

दुसऱ्या टाकीतली, त्याच रसाची वाईन चाखली. उत्तम होती. म्हणजे बिघाड टाकी आणि बाटली यांच्या मधे कुठेतरी होता.

"सॅनिटायझरचा कॅन दाखवा," मी म्हणालो.

हे हाताला लावायचं जेल नव्हे. पाण्यात चार झाकणं आम्लाचं औषध घालून केलेला द्राव असतो. धुतलेला पाइप त्यात दोन-तीन मिनिटं बुडवला की उरलेसुरले जंतू मरतात. झाकण लावून ठेवला, तर तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. अट एकच, आम्लपणा टिकला पाहिजे. तो मोजायला पीएचची पट्टी असते. आकडा तीनच्या खाली हवा.

कॅनमधलं पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ होतं. पट्ट्यांचं पाकीट शोकेसमध्ये सत्काराच्या ट्रॉफीशेजारी सापडलं, सीलबंद. फोडून एक पट्टी बुडवली. आकडा पाचाच्या पुढे.

"हे तर नुसतं पाणीच झालंय," मी म्हणालो. "ताई, हे कधी बनवलं?"

"लई दिवस झालं, साहेब. दर सोमवारी अर्धं काढते, अर्धं ठेवते. वरून बोअरचं पाणी घालते आन् एक झाकण औषध."

"एकच?"

"दह्याला विरजण लावतो तसं. जुन्यात जोर असतोय, त्यो नव्याला लागतो."

दिलीपराव हसले. "ऐका! ॲसिडला विरजण!"

"मालक, तुमीच म्हणाला व्हता, औषध परदेशी हाय, थेंब वाया घालू नका."

दिलीपरावांचं हसू ओसरलं.

विरजणातले जंतू जिवंत असतात, म्हणून ते वाढतं. आम्ल वाढत नाही, खर्च होतं. त्यात बोअरच्या जड पाण्यातला चुना आम्ल खातो. दर सोमवारी ताई थोडं थोडं मेलेलं औषध पुढच्या आठवड्याला देत होत्या.

"पण भिंतीवर तक्ता आहे ना!" दिलीपरावांनी बोट दाखवलं. "चौदा मुद्दे. लॅमिनेट केलाय. फीत कापून लावलाय."

"पोरीनं वाचून दावला मला," कमलताई म्हणाल्या. "बनवायचं कसं, ते ल्हिलंय. फेकायचं कधी, ते कुटं ल्हिलंय?"

मी तक्त्यापाशी गेलो आणि वरून खाली वाचला. मग पुन्हा वाचला. कुठेही नव्हतं. कारखान्यात द्राव टाकून देणारा माणूस वेगळा होता. मला ते लिहायची कधी गरजच पडली नव्हती. तक्त्याखाली सही माझी होती.

"दिलीपराव," मी म्हणालो, "घरी पाठवायचं असेल तर मला पाठवा. चूक माझी आहे."

"तुम्हाला कसं पाठवणार राव? पत्रिकेवर नाव छापलंय."

"मग ताईंनाही ठेवा."

दिलीपरावांनी कॅन ताईंकडे सरकवला. ताईंनी कॅन उचलला आणि मोरीत उपडा केला. मग तो घासला, आरओचं पाणी भरलं, मोजून चार झाकणं औषध घातलं. द्राव काचेसारखा स्वच्छ. पट्टी त्यांनीच बुडवली. तीनच्या खाली. पाइप आणि बाटल्या नव्याने बुडवून काढल्या.

दुसऱ्या दिवशी टाकी बाटल्यांत भरली. काही महिन्यांनी त्यातली एक बाटली उघडली. वाईनच होती. कमलताई अजून तिथेच आहेत.

तक्त्यावर आता पंधरावा मुद्दा आहे, त्यांच्या मुलीच्या अक्षरात, मराठीत: 'गढूळ झालं किंवा पट्टी तीनच्या वर गेली की फेका. विरजण लावू नका.'

माझ्या चौदा इंग्रजी मुद्द्यांवर धूळ आहे. पंधराव्यावर ओल्या बोटांचे डाग आहेत.