इस्त्रीमावशीची पुकार

नव्या पाद्रीबाईंनी आल्या आल्या पहिली पुकार केली ती इस्त्रीमावशीच्या लग्नाची, आणि ती जागीच अडली.

त्या चर्चमधली रीत जुनी होती. लग्न ठरलं की दोघांची नावं लागोपाठ तीन रविवार भर उपासनेत वाचायची आणि दर वेळी मंडळीला विचारायचं, की या लग्नाला काही अडथळा कुणाला ठाऊक असेल तर त्याने सांगावं. याला पुकार म्हणत. पाद्री विचारायचं म्हणून विचारत आणि मंडळी गप्प बसायचं म्हणून गप्प बसे. आधीचे पाद्रीसाहेब तर हा प्रश्न एका श्वासात म्हणून टाकत. ते ‘अडथळा’ म्हणाले की ऑर्गनवाला पाय पुढे सरकवी आणि वॉर्डन दानाची थाळी घ्यायला उठे. प्रश्न संपायच्या आत वॉर्डन अर्ध्या वाटेवर असे. त्या प्रश्नाला उत्तर असू शकतं हे सगळे केव्हाच विसरले होते.

हा वॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारा, इस्त्रीमावशीचा थोरला भाऊ. सगळे त्याला दादाच म्हणत, पाद्रीसुद्धा. नोकरीत असताना तो वजनं-मापं तपासायचा. दुकानात शिरला की दुकानदाराचा हात आपोआप तराजूवरून उठे. आयुष्यात तो खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्याचा जाच ओळखीतल्या प्रत्येकाला एकदा तरी झाला होता. नवं कापड आपल्याला कसं दिसतं हे बायकोने लग्नानंतर त्याला एकदाच विचारलं, पुन्हा नाही.

इस्त्रीमावशी त्याच्याकडेच राहायची. आई गेली तेव्हा दादा एकटा होता, म्हणून ती त्याच्या घरी दोन वेळचं करायला आली. दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनी नवीन होती, म्हणून राहिली. मग मुलं लहान होती म्हणून. मुलं मोठी होऊन लांब गेली तोवर वहिनीचे गुडघे गेले होते. अशी ती राहतच गेली. तिला कुणी राहा म्हटलं नव्हतं आणि जा म्हणायची तर सोयच नव्हती. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती चूल पेटवी, आणि भांडी पालथी घातल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन इस्त्री करी.

त्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, कोपऱ्यात खळीचं पातेलं आणि भिंतीवर पाद्र्यांचे पांढरे झगे उंचीप्रमाणे टांगलेले. वेदीच्या चादरीवर मेण सांडलेलं असे. त्यावर जाड कागद ठेवून ती गरम इस्त्री फिरवी, की मेण कागदात येई. झग्याची एक चुणी जरी वाकडी पडली तरी ती पुन्हा पाणी शिंपडी. पाद्री काय बोलतो यावर तिचं मत नसे. तो घाम किती गाळतो हे मात्र तिला बरोबर ठाऊक असे, आणि माणूस ओळखायला तिला तेवढं पुरे.

प्रभुभोजनाचा प्याला पुसायची छोटी फडकी ती वेगळी धुवी. त्यांचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, उघड्या मातीत ओतायचं, असा नियम. पवित्र द्राक्षारसाचा अंश गटारात जाता कामा नये. म्हणून सोमवारी ती परात घेऊन मागच्या दारातून कब्रस्तानात जाई आणि जिथे माती मऊ दिसे तिथे ओती. माती मऊ असे ती नव्या खड्ड्याच्या कडेला.

एकदा खड्ड्यातून आवाज आला, “बाई, कड ढासळते.”

तो खणत्या होता. कब्रस्तानातले खड्डे तोच खणायचा. बायको गेली तेव्हा तिचाही त्यानेच खणला होता, दुसऱ्या कुणाचं काम त्याला पसंत पडलं नसतं. खड्ड्यातून वर येऊन त्याने मावशीला भिंतीजवळ एक झाड दाखवलं आणि पाणी इथं टाकत जा म्हणाला. पुढच्या सोमवारी झाडाभोवती बोटभर आळं केलेलं होतं. मावशीने पाणी ओतलं, त्याने फावडं पुसलं, दोघांनी हवेबद्दल दोन शब्द काढले. असे पुष्कळ सोमवार गेले. झाड चांगलं फोफावलं.

मग एके दिवशी खणत्या म्हणाला, “या भिंतीला लागून माझ्या दोन खोल्या आहेत. एकीत ऊन येतं. तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात तरी पाणी इथंच टाका.”

मावशी म्हणाली, बघते. आणि वर्षभर बघत राहिली. त्या वर्षात खणत्याने विषय पुन्हा काढला नाही. हेच तिला पटलं असावं.

घरी तिने ही गोष्ट सांगितली ती ताटं वाढताना. दादाने ‘हं’ केलं आणि बटाटे आणखी घेतले. वहिनी मात्र बोलायची थांबेना. माणसं त्याच्याकडे शेवटी जातात, तू आपल्या पायाने आधीच चाललीस, म्हणाली. चर्चच्या पायऱ्यांवरच्या बायकाही मागे नव्हत्या. खणत्याने मापं डोळ्यांनीच घेतली असतील, पोशाखाचा शिंपी वाचला, असं एक म्हणाली. या वयात ‘कुमारी’ म्हणून पुकारणार का, असं दुसरीने विचारलं. मावशीने सांगितलं, आहे तेच पुकारतील.

दादा मात्र ‘हं’च्या पुढे गेला नाही. त्याला राग आला की पटलं, हे मावशीला कळेना. तिच्या मनात सारखं येई, की याला आपण नको झालो असतो तर सोपं होतं. हवे असलो तर कसं जायचं?

आणि तो रविवार उजाडला. नव्या पाद्रीबाई तरुण होत्या, आणि पुस्तकात जे छापलंय ते त्या खरं मानत. त्यांनी नावं वाचली. खणत्या मागच्या बाकावर, बूट घासून घासून आलेला. मावशी नेहमीच्या जागी, खांबाआड. पाद्रीबाईंनी अडथळ्याचं विचारलं आणि पुस्तकावरून मान वर करून खरोखरच थांबल्या.

‘अडथळा’ शब्दाला दादा उठलेला होता. ऑर्गनवाल्याचा पायही पुढे गेलेला, एक सूर निघाला आणि गिळला गेला. भरल्या चर्चमध्ये दादा एकटा उभा. मंडळीला वाटलं, भाऊ उठला. पाद्रीबाईंनाही तेच वाटलं.

“बोला,” त्या म्हणाल्या. “काय अडथळा आहे?”

थाळी घ्यायला उठलोय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खरंही होतं. पण दादाला प्रश्न अडथळ्याचा विचारला होता, आणि विचारल्याचं उत्तर द्यायची त्याला सवय. त्याने क्षणभर विचार केला.

“जेवायचं कसं?” तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. हसायचं नंतर घरी जाऊन सुचलं. पाद्रीबाईंनी पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं, की हरकत आली आहे, चौकशी होईपर्यंत पुकार थांबली. दादाने मग थाळी फिरवली. लोकांनी त्याच्या तोंडाकडे न बघता त्यात दान टाकलं.

उपासना सुटल्यावर झगे बदलायच्या खोलीत चौकशी बसली. पाद्रीबाई, दादा, वहिनी, मावशी. खणत्या दाराबाहेर उभा राहिला, आत सतरंजी होती. पाद्रीबाईंनी पुस्तकातले अडथळे एकेक करून विचारले. यांचं आधी लग्न झालंय का? नाही. त्यांचं? झालं होतं, बायको वारली, पुरली त्यानेच. दोघांत रक्ताचं नातं? नाही. वयाचं काय? वय आहे, दादा म्हणाला, भरपूर आहे. वधूचं डोकं ठिकाणावर आहे का? इथे वहिनीने दादाला कोपर मारलं. दादाने ते कोपर बाजूला केलं आणि ठिकाणावर आहे म्हणाला.

“मग अडथळा उरत नाही,” पाद्रीबाई म्हणाल्या. “जेवण यात बसत नाही.”

“बसत नाही ते मलाही माहीत आहे. पण तुम्ही विचारलंत.”

मावशी इतका वेळ पाद्रीबाईंनी उतरवलेला झगा घडी करत होती. घडी तशीच अर्धी ठेवून ती भावाकडे वळली.

“दादा, एक सांग. मी गेले तर तुला काय कमी पडेल? मी, का जेवण?”

तो ‘तू’ म्हणाला असता तर ती राहिली असती. हे तिने पुढे ऑर्गनवाल्याच्या बायकोला सांगितलं. दाराबाहेरच्या माणसाला नमस्कार करून, माफी मागून, ती घरी जाऊन बटाटे सोलायला बसली असती. वहिनीला हे तेव्हाच दिसलं असावं, कारण तिने या वेळी कोपर नाही, सरळ चिमटा काढला. खोलीत सगळ्यांना कळत होतं, काय म्हणायचं ते. दादालाही कळत होतं.

पण त्याने दोन्ही गोष्टी दोन पारड्यांत घालून पाहिल्या. काटा स्थिर होईपर्यंत थांबला.

“जेवण,” तो म्हणाला. “तू काय, कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडेच असणार आहेस.”

मावशी बरं म्हणाली. झग्याची उरलेली घडी घातली, चुणी सारखी केली आणि बाहेर जाऊन खणत्याला सांगितलं, की अडथळा नाही म्हणून. तिचा चेहरा पाहून खणत्याने एवढंच विचारलं, की खोलीला रंग कुठला देऊ. इकडे वहिनीने पाद्रीबाईंना ऐकवलं, की इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने एक खोटं बोलावं एवढी गरज आजच पडली होती, आणि तेही याच्याने झालं नाही.

अडलेली पुकार धरायची नाही असं ठरलं. पुढच्या रविवारपासून पुन्हा पहिली. तीनही रविवार दादा बाक दोन्ही हातांनी धरून बसला. प्रश्न होऊन गेला, शांतता होऊन गेली, गीताची दोन कडवी झाली, तरी उठेना. शेवटी ऑर्गनवाल्याने मागे वळून भुवईने थाळी दाखवली तेव्हा उठला.

मावशी इस्त्रीला गेली की घरी तो स्वयंपाक शिकायला लागला. वहिनी स्टुलावर बसून सांगे, तो उभा राहून करी. पण वहिनी सांगे ‘थोडंसं’, ‘अंदाजाने’, ‘रंग येईस्तोवर’. त्याला यातलं एकही माप ठाऊक नव्हतं. कधी भाजी मिठाने घशाखाली उतरेना, कधी अळणी. दोघं निमूटपणे खात. कशी झाली, हे वहिनी विचारी. मग त्याने सांगितलं की पस्तावे.

लग्नाच्या दिवशी चर्च गच्च भरलं. एरवी नाताळालाही न फिरकणारे आले होते, पुन्हा काही होतं का बघायला. मावशीचा पोशाख तिनेच इस्त्री केलेला. दादा तिला घेऊन वेदीपुढे आला. ही वधू कोण देतो, असं पाद्रीबाईंनी विचारलं. मी देतो, म्हणून दादाने मावशीचा हात धरला. हा हात आता पाद्रीबाईंच्या हाती द्यायचा, त्यांनी तो नवऱ्याच्या हाती द्यायचा. पाद्रीबाईंनी तळवा पुढे केला. दादा हात सोडेना.

पाद्रीबाई थांबल्या. खणत्या आपल्या बुटांकडे बघत राहिला. मागच्या बाकांवर माना लांब झाल्या.

दादा खाली वाकून मावशीच्या कानाशी म्हणाला, “भाजीला मीठ किती?”

“चिमूटभर.”

“म्हणजे किती?”

“हात सोड, म्हणजे दाखवते.”

त्याने हात सोडला. मावशीने अंगठा आणि दोन बोटं जुळवून दाखवली. दादाने ती नीट, जवळून पाहिली.

“एवढंच?” तो म्हणाला.

तेवढ्यात पाद्रीबाईंनी तो हात, तशीच चिमूट धरलेला, खणत्याच्या हातात दिला.