शेंगी आणि आमची रडारड

तुमच्या घरात कोणी रडलं, तर सगळ्यात आधी कोण धावत येतं? नवरा? लेक? शेजारीण? आमच्याकडे मांजर येतं!

एखादाच किस्सा असता, तर मीही योगायोग म्हणून सोडून दिला असता. पण चार बायका रोज दुपारी एकत्र बसल्या, की एकीच्या किश्शाला दुसरीचा किस्सा चिकटतो आणि बघता बघता टोपलं भरतं.

आम्ही सोलापुरात कडक भाकऱ्या करतो. ज्वारीच्या, पातळ, पापडासारख्या मोडणाऱ्या. काम माझ्या घरी चालतं. मी, माहेर मैंदर्गीचं म्हणून कानडी बोलणारी महानंदाक्का आणि विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी पद्मा, अशा तिघी थापायला. आणि तिघींच्या भाकऱ्यांना नावं ठेवायला माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळ्या आत्या म्हणतो.

शेंगी आमची मांजर. रंग शेंगेच्या टरफलासारखा, म्हणून हे नाव. पण या घरातले तिचे दिवस संपत आले होते. माझी लेक पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि आत्यांनी सांगून टाकलं होतं, "बाळ आन् मांजर एका घरात न्हाय! सोमवारी वळसंगचा शिवा येतोय. त्याच्या शेतावर धाडा तिला."

शिवा म्हणजे आत्यांचा भाचा. आत्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा. म्हणून त्या आठवड्यात आम्ही तिघी वकील झालो आणि शेंगीच्या बाजूनं एकेक किस्सा आत्यांपुढे मांडत गेलो.

*

पहिला माझा. मी झुणक्यासाठी कांदे चिरत होते. डोळ्यांतून धारा! शेंगी खिडकीत झोपली होती. तिनं मान उचलून बघितलं, खाली उतरली आणि माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवून तोंडाकडे बघत राहिली. मला इतकं भरून आलं, की आता खरंच रडू येतंय का काय असं झालं.

मग ती बाहेर गेली आणि परत आली. माझी समजूत काढायला तिनं अर्धी पाल आणली होती. माझ्या पायावर ठेवली!

आत्या म्हणाल्या, "एवढं कळतंय, तर कांदा कळंना व्हय तिला?"

*

दुसरा पद्माचा. तिचा नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. त्यानं सासूला, म्हणजे पद्माच्या आईला, एसटी स्टँडवरून आणायचं कबूल केलं, आणि मित्राकडे मॅच बघत बसला. म्हातारी पिशव्या घेऊन चालत आली.

त्या दिवशी पद्मा भाकरी थापत नव्हती, बडवत होती! आमच्या थापण्याच्या आवाजात शेंगी ढाराढूर झोपते. पण त्या दिवशी आवाज बदलला आणि ती उठली. सरळ पद्माच्या मांडीवर जाऊन बसली आणि घुरघुर सुरू केली.

पद्मानं पिठाच्या हातानं नवऱ्याला फोन लावला. चांगला सोलून काढायचा होता त्याला. पण मांडीवर ती घुरघुर, आणि दुसरा हात आपोआप तिच्या पाठीवर. आवाज चढेचना! "या सावकाश," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

थोड्याच वेळात नवरा धापा टाकत दारात. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी न्हाय. का?"

"तू ओरडली न्हाईस, म्हणून घाबरलो की!"

आत्या हसल्या. पण पदराआड. निकाल काही बदलला नाही.

*

आता आमच्या ह्यांचा. ह्यांना सर्दी झाली, की सगळ्या गल्लीला कळतं. "अगं आई गं, मेलो गं!" एकदा असेच कण्हत पडले होते. मी म्हटलं, बघू शेंगी काय करते. शेंगीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि कपाटावर चढून पाठ करून झोपली!

पण ज्या दिवशी कारखान्यात ह्यांच्या शेजारच्या मागावर कापड विणणारा जुना सोबती काम सोडून गावी गेला, त्या दिवशी हे नुसतेच खुर्चीत बसून होते. चहा निवला. एक शब्द नाही. तेव्हा मात्र शेंगी आली आणि त्यांच्या दोन्ही पावलांवर अंग टाकून बसली. दिवे लागले तरी हलेना. मी उठवायला गेले तर म्हणाले, "असू दे. पायाला मुंग्या आल्यात, पण असू दे."

महानंदाक्का म्हणाली, "लई हुशार हाय बघा! नवरा कण्हला तर खोटा, गप बसला तर खरा. मला हे कळायला निम्मं आयुष्य गेलं!"

आत्या म्हणाल्या, "माझ्या लेकाला खोटा म्हणू नका." म्हणजे हाही किस्सा गेला.

*

आणि मग शेंगीनं स्वतःच स्वतःची केस बुडवली.

टीव्हीवर सिरियल चालू होती. सासरी निघालेली नवरी हुंदके देत होती. महानंदाक्का डोळे पुसत होती, पण शेंगी तिच्याकडे गेली नाही. ती निघाली नवरीकडे! टीव्हीसमोर उभी राहिली, ओरडली, मग रडणारी बाई मागं कुठं बसलीय ते बघायला टीव्हीच्या पाठीमागं शिरली. वायरमध्ये अडकली. सेट-टॉप बॉक्स खाली आला तो थेट वाळत घातलेल्या भाकऱ्यांवर! नवरी गेली, सिरियल गेली, भाकऱ्यांचा चुरा झाला.

"सोमवार कशाला? आत्ताच बोलवा शिवाला!" आत्या कडाडल्या. शिवाचा फोन लागला नाही म्हणून बरं! आम्ही पुढं कितीतरी जेवणं दह्यात तो चुराच खाल्ला.

*

रविवारी दुपारी आत्या जपाला बसल्या. आतल्या खोलीचं दार लोटून त्या जप करतात, आणि तेव्हा आत जायचं नाही हा घरचा नियम. त्या आठवड्यात जप लांबतच चालला होता. आम्हाला वाटलं, पल्लवीसाठी देवाला साकडं घालत असतील.

शेंगी त्या दारापाशी जाऊन बसली. दार ओरबाडायला लागली. महानंदाक्कानं तिला कानडीत बोलावलं, पद्मानं तेलुगूत बोलावलं, मी दुधाची वाटी दाखवली. ढिम्म! शेवटी तिनं असा काही सूर लावला, की मी नियम मोडला आणि दार ढकललं.

माळ बाजूला पडली होती. आत्यांच्या मांडीवर त्यांच्या जुन्या मऊ लुगड्याचं अर्धं शिवलेलं दुपटं होतं. आमच्याकडे बाळाचं पहिलं दुपटं घरातल्या थोरल्या बाईनं शिवायचं असतं. एका हातात सुई, दुसऱ्या हातात दोरा, आणि गाल ओले. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते.

"आत्या, काय झालं?"

"काय न्हाय. दार लाव."

मी हलले नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "दोरा ओवंना गं. सुईचं नाकच दिसंना."

"मग मला हाक मारायची की!"

"व्हय! आन् म्हातारी आंधळी झाली म्हणून बाळ हातात द्यायचं न्हाई तुमी!"

तेवढ्यात शेंगी आत गेली, त्या दुपट्यावर चढली, स्वतःभोवती एक फेरी मारली आणि बसली. बाळाच्या दुपट्यावर! आत्यांनी हात उगारला. आम्ही तिघींनी डोळे मिटले.

उघडले, तेव्हा हात शेंगीच्या पाठीवर होता.

"तुला कुणी सांगितलं गं, भवाने?" आत्या तिला विचारत होत्या. मग सुई माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "बघतीस काय? ओव दोरा. आन् हिच्या कडंकडंनं टाके घाल. उठवू नको तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी वळसंगचा शिवा मोटरसायकल घेऊन आला, आणि आत्या त्याच्या मागं बसून डोळे तपासायला गेल्या.