पिवळ्या रंगातली जमीन

चंद्रप्पाअण्णाला कोणी बावळट म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. आडत बाजारात आम्ही दोघं मापाडी, जन्म गेला तूर अन् हरभरा मापण्यात. त्याच्याइतका विचारून विचारून पाऊल टाकणारा माणूस मी पाहिला नाही. विचारायचं तेवढं सगळं विचारलं बिचाऱ्यानं. एकच गोष्ट राहिली, अन् ती विचारायची असते हे आम्हा कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवी कचेरी, नवे साहेब, अन् रेणापूरच्या रस्त्याला जो तो प्लॉट पाडत होता. अण्णाचं रान तिकडंच, शहराच्या कडेला. त्यात पाऊस सलग दगा देत आलेला. विहिरीत बादली सोडली की तळाचा खडखड आवाज तेवढा यायचा. ज्वारी गेली, कडबाही हाती लागला नाही. अण्णा म्हणाला, "श्रीमंता, रान पिकत न्हाई तर निदान त्यात घर तरी उभं करू. शिवगंगेचा जन्म भाड्याच्या खोलीत चाललाय."

शिवगंगावहिनी म्हणजे अण्णाची बायको. तिला घराचं फार अप्रूप नव्हतं. त्या रानात बेलाच्या झाडाखाली दोन समाध्या होत्या, एक तिच्या सासूची, एक उमाची. उमा तिची एकुलती एक पोर, बहात्तरच्या दुष्काळात हगवणीनं गेली. आम्हा लिंगायतांत माणूस जाळत नाहीत, बसवून माती देतात, अन् ज्याला रान आहे तो आपल्याच रानात देतो. दर सोमवारी वहिनी तिथं जाऊन भस्म लावायची, बेल वाहायची, अन् उमाच्या शेजारची मोकळी जागा झाडून घ्यायची. "ही माझी," म्हणायची. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तितकं सहज.

शेजारच्या बसवंतानं कुणाला न विचारता घर उठवलं. "आपल्या रानात आपलं घर, कुणाच्या बापाला इचारायचं?" असा त्याचा तोरा. मग नगरपालिकेची नोटीस आली. नकाशातला रस्ता त्याच्या ओसरीतून जात होता. अण्णा त्याला हसला नाही. म्हणाला, "आपला तुकडा नगरपालिकेच्या आराखड्यात कुठल्या रंगात हाय, ते आधी बघावं."

हिरवा रंग म्हणजे शेतीच करा, पिवळा म्हणजे घर बांधता येतं. अण्णाचा तुकडा पिवळ्यात निघाला. पण तेवढ्यानं कुठलं भागतंय! जमीन बिनशेती करून घ्या, रस्ता किती रुंद ते बघा, पुढं किती जागा सोडायची, बाजूला किती, मग परवानगी. चपला झिजल्या. साहेब बदलला, साहेब दुष्काळी कामावर गेला, साहेब जेवायला गेला. मी सोबत असायचो अन् शिव्या घालायचो. अण्णा म्हणायचा, "कावू नको रे. उद्या कुणी पाडा म्हणलं तर त्या बाईनं कुठं जायचं?" परवानगी हातात आली त्या दिवशी त्यानं बाजारात साखर वाटली.

पाया भरला, भिंती वर आल्या. टँकरचं पाणी, तेही हाता-पाया पडून मिळायचं. त्याच उन्हाळ्यात वहिनीला कावीळ झाली अन् ती उठेचना. अण्णाला एवढंच म्हणायची, "घर होवो न होवो, मला उमाजवळ बसवा."

कुंपणाची भिंत कुठून घ्यायची ते विचारायला अण्णा पुन्हा कचेरीत गेला. बोलता बोलता म्हणाला, "बेलाकडून फाटक ठेवतो. आमच्या बायकोची जागा हाय तिथं."

कारकुनानं मान वर केली. "कसली जागा?"

अण्णानं सांगितलं. कारकून माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "जुन्या समाध्या राहू द्या, त्यांना कोणी हात लावत नाही. पण नवीन नाही. जमीन आता रहिवासी झाली. वस्तीत माती देता येत नाही, स्मशानभूमीतच न्यावं लागेल."

"मग परत शेती करा तिला."

कारकून हसला. "लोक पिवळ्यासाठी पाया पडतात, अन् तुम्ही! आता होत नाही अण्णा."

बाहेर लिंबाखाली अण्णा बसला. "श्रीमंता, घराचं सगळं इचारलं रे मी. आपल्या मातीत आपलं माणूस ठेवायचं, ते बी इचारायचं असतंय व्हय?"

मी म्हणालो, वेळ आली की गुपचूप उरकून टाकू. तर माझ्यावरच खेकसला, "चोरून? तिला काय चोरून आणलं होतं का मी?"

त्यानं वहिनीला सगळं सांगून टाकलं. मी असतो तर लपवलं असतं, खरं सांगतो. वहिनी भिंतीकडं वळली. मग म्हणाली, "तर त्या घराला पाणी कशाला पाजताव?"

पावसाच्या आधीच ती गेली. समाजाच्या स्मशानभूमीत, शहराच्या पार पलीकडं, अनोळखी माणसांच्या रांगेत तिला बसवलं. अण्णानं धोतराच्या सोग्यात उमाजवळची माती आणली होती, ती तिच्या ओटीत टाकली. मला बघवलं नाही, मी तोंड फिरवलं.

घर झालं. अण्णा राहतो त्यात, एकटाच. प्लॉट घेणारी माणसं आता त्याच्याकडं विचारायला येतात. रंग बघा, रस्ता बघा, जागा सोडा, सगळं तो न कंटाळता सांगतो. माणूस उठायला लागला की विचारतो, "घरात म्हातारं कोण हाय? त्येला शेवटी कुठं जायचंय, ते इचारलं का?" लोक हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा गंमत करतोय.

सोमवारी तो उमाला बेल वाहतो, शेजारची जागा झाडतो. उरलेला बेल पिशवीत घालून बस धरतो अन् वहिनीकडं जातो. मायलेकींच्या मधे आता सगळं लातूर आहे.