पायाड काढायची घाई

माझ्या मामाच्या मरणात माझ्या तोंडाचा वाटा आहे.

मामाला जाऊन आज वर्ष झालं. दर्यापूरला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे.

मामा गवंडी होता. कापूस-सोयाबीन बुडालं हे सगळ्यांनी लिहिलं. गावात घरं बांधायची थांबली, हे कोणी लिहिलं नाही. मामा खाटेवर पडून. जेवेना, बोलेना.

मामीने अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. दीड-दोन महिन्यांत माणूस हसायला लागला.

तेवढ्यात मी टपकलो.

मी म्हणजे बारावी नापास. कधी सुरत, कधी पुणे, मधेच कौंडण्यपूरच्या जत्रेत पाळण्याची तिकिटं फाडायला. (तो किस्सा वेगळा, जाऊ द्या.) येताना अमरावतीला शिरीनकडे थांबलो होतो. शाळेतली मैत्रीण, सेरोटोनिनवर, म्हणजे मेंदूत मूडचा निरोप नेणाऱ्या रसायनावर पीएचडी करते.

तिने चहा पिता पिता सांगितलं, पेशीच्या आवरणावर रिसेप्टर असतो, सेरोटोनिनचा निरोप झेलणारा. त्याला जागेवर धरून ठेवणारी प्रोटीन्स असतात. स्कॅफोल्ड. धरणारं कोणी नसलं की रिसेप्टर जागा सोडतो, निरोप येऊनही आत धड पोचत नाही.

स्कॅफोल्ड म्हणजे पायाड, बांधकामाची परांची! मला कोण आनंद.

मामाला म्हटलं, "मामा, तुह्या डोक्यात पायाड असते. त्याच्यावर सारा मूड उभा."

"म्हंजे ह्या गोळ्या पायाडच म्हन नं?"

"हो, तसंच समज."

शिरीनने असं काही सांगितलंच नव्हतं. पण अंजनगावची जीप हॉर्न मारत होती.

"मंग स्लॅब पक्का झाला का पायाड काढा लागते, भाचेबुवा. मले त आता बरं वाटून राह्यलं."

मी हसलो आणि जीपमध्ये बसलो.

मामाने दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही; न फोडलेली पाकिटं नंतर मला त्याच्या हत्यारांच्या पिशवीत सापडली. पायाड कधी काढायचं हे तीस वर्षं गवंडीकाम केलेल्याला कोण शिकवणार?

पुढे पहिल्यापेक्षा वाईट झालं. मग मामाने स्वतःचा जीव घेतला.

शेतकरी आत्महत्येच्या मदतीसाठी चौकशीला आलेल्या सरकारी माणसाने विचारलं, "सातबारा आहे का?"

नाही.

"मंग शेतकरी नाही." वही मिटली. झाली चौकशी.

शिरीनला सांगितलं तर ती ओरडली, "पागल आहे का बे! पेशी जिवंत आहे तोवर ते पायाड लागतेच, काढत नसतात. अन् गोळी म्हणजे पायाड नाहीच. गोळी निरोप वाढवते. एक फोन करता नाही आला तुले?"

नाही केला. बॅलन्स होता.

घरात कोणी गोळ्या घेत असेल आणि "आता बरं वाटते" म्हणत असेल, तर बंद करायच्या आधी डॉक्टरला विचारा. माझ्यासारख्या शहाण्याला नको.

मामीला यातलं काहीच माहीत नाही. तिला वाटतं, गोळ्यांनीच दगा दिला.

आज सगळे जेवून गेले की तिला सांगणार आहे. आधी इथे लिहितोय, कारण मी पळकुटा आहे. आता तुम्ही वाचलंत, म्हणजे पळता येणार नाही.

अखेरचा जय भीम, मामा.